भाड्याच्या घरात ढेकूण निघाले तर काम कोणाचे, खर्च कोणाचा

प्रश्न असा आला आहे: घणसोलीत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर सेमी-फर्निश्ड वन बीएचके घेतला. बेड आणि सोफा मालकांचा, कापसाची गादी भाडेकरूंनी कळव्याच्या जुन्या घरातून आणलेली. राहायला येऊन २१ दिवस झाले आणि बेडमध्ये ढेकूण सापडले. मालक म्हणतात, आधीच्या भाडेकरूची कधी तक्रार नव्हती, तुमच्या गादीतूनच आले. पेस्ट कंट्रोल तुम्ही करा, नाहीतर डिपॉझिटमधून कापू. पैसे कोणी द्यायचे आणि आता करायचे काय?

आधी पुरावा, मग मालकांना लेखी निरोप, मग फवारणी, आणि पैशांचा हिशेब सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. बहुतेक घरांत नेमके उलटे होते. पहिले दोन-तीन आठवडे ‘तुम्ही आणले, आम्ही नाही’ यात जातात, तेवढ्यात बेडमधले ढेकूण सोफ्यात पोचतात, सोफ्यातले शेजारच्या घरात. शेवटी कोणीतरी वैतागून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो, तो सगळे झाडून फवारून जातो, आणि ढेकूण जुने होते की नवे हे सांगणारी एकही खूण घरात उरत नाही. मग वाद फक्त आवाज चढवून चालतो.

तुमच्या बाबतीत कायद्याच्या आधी ढेकणाच्या वयाचा हिशेब कामाला येतो, म्हणून तो नीट समजून घ्या. मादी दिवसाला दोन-तीन अंडी घालते. अंडे साधारण १ मिलिमीटरचे, पांढरट, लाकडाला किंवा कापडाला डिंकाने चिकटवल्यासारखे घट्ट. आपल्या हवेत ते ६ ते १० दिवसांत फुटते. पिल्लू मोठे होईपर्यंत ५ वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला रक्त मिळावेच लागते. रोज माणूस झोपायला असला तरी अंड्यापासून पूर्ण वाढलेला ढेकूण व्हायला चार ते पाच आठवडे लागतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात हा वेग मंदावतो. ठाणे-नवी मुंबईत जानेवारीतही बंद खोलीत फारसा गारठा नसतो, त्यामुळे बाराही महिने हाच हिशेब धरायचा.

आता हा हिशेब तुमच्या २१ दिवसांना लावून पाहा. समजा तुमच्या गादीतून चार-सहा ढेकूण आले. एवढ्या दिवसांत त्यांची अंडी फुटून बारीक, पिवळट, आरपार दिसणारी पिल्ले होतील, लहान आकाराची थोडी कात पडेल, काही ताजे काळे ठिपके दिसतील. पण नव्या पिढीचे मोठे ढेकूण अजून तयारच झालेले नसतील. बेडच्या सांध्यात मोठ्या ढेकणांची गर्दी असेल, बारीक ते मोठी अशा सगळ्या मापांची कात एकावर एक साचली असेल, फुटून गेलेल्या अंड्यांच्या टरफलांचा थर असेल आणि प्लायच्या कडेला विष्ठेचे ठिपके वाळून कवच धरलेले असतील, तर ते तीन आठवड्यांचे काम नाही, कित्येक महिन्यांचे आहे. ते मालकांच्या बेडमध्ये आणि तुमच्या गादीच्या शिवणीत मात्र जेमतेम दोन-चार ताजे डाग, असे चित्र असेल तर ढेकूण घरात आधीपासून होते. चित्र उलटे असेल, म्हणजे गादीच्या शिवणी आणि टाचणीच्या दोऱ्यांखालचे खळगे काळे आणि बेडचे सांधे जवळजवळ स्वच्छ, तर मालकांचे म्हणणे बरोबर आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करून लगेच खर्च उचलावा.

मालकांचे दोन नेहमीचे मुद्दे इथे टिकत नाहीत. ‘घर दोन महिने बंद होते, नवीन रंग दिला होता’ हा पहिला. आपल्या उकाड्यातही मोठा ढेकूण रक्ताशिवाय दोन-तीन महिने तग धरतो, आणि रंगाचा हात भिंतीला लागतो, बेडच्या आत कोणी रंग देत नाही. दुसरा मुद्दा आधीच्या भाडेकरूच्या तक्रारीचा. चावल्यावर गांधी उठणे प्रत्येकाच्या अंगावर अवलंबून असते. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचे हात लाल होतात आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यातून ढेकूण झाले हे सांगायची लाज वाटते म्हणून कित्येक जण गप्प राहून घर बदलतात. तीच गोष्ट तुमच्या बाजूने: अंगावरच्या गांधी हा पुरावा नाही. डासाच्या, पिसवेच्या चाव्यापासून ते वेगळे ओळखता येत नाही आणि काहींना गांधी कित्येक दिवसांनी उठतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीने फक्त तारीख पक्की होते.

तपासणीला तासभर लागतो. चांगला टॉर्च, जुने एटीएम कार्ड, पारदर्शक चिकटपट्टी, पांढरा कागद, कानातले कापसाचे बड आणि स्क्रू ड्रायव्हर एवढे घ्या. टॉर्च सरळ रोखू नका; पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका धरा, म्हणजे अंडी आणि कात सावली टाकतात आणि दिसतात. हायड्रॉलिक बेड असेल तर सामान काढून आतल्या चारही कोपऱ्यांतले प्लायचे जोड, बिजागऱ्या, पिस्टनच्या पट्ट्या आणि स्क्रूची भोके पाहा. हेडबोर्ड भिंतीवरून सोडवा. त्याची पाठ ही सगळ्यात दाट जागा असते आणि तिथे कोणी बघत नाही. कार्ड फटीत घालून हळू ओढले की कात, अंडी, मेलेले ढेकूण बाहेर येतात. सोफा उलटा करून खालचे स्टेपल मारलेले काळे कापड एका कडेने उचला. मग पडद्याचे पेलमेट, स्कर्टिंगची फट, भिंतीवरच्या घड्याळाची आणि फोटोंची मागची बाजू, स्विचबोर्डची कड. काळ्या ठिपक्यावर ओला बड फिरवला आणि तांबूस-तपकिरी रंग उतरला तर तो ढेकणाचा. झुरळाची लेंडी दाणेदार असते आणि झटकली की पडते. ढेकणाचा ठिपका शाईसारखा कापडात मुरलेला असतो.

प्रत्येक जागेचे दोन फोटो काढा: एक लांबून, म्हणजे कोणत्या वस्तूचा कोणता भाग हे कळेल, आणि एक जवळून, शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून. सापडलेले ढेकूण, कात, अंडी चिकटपट्टीने पांढऱ्या कागदावर लावा आणि खाली जागा व तारीख लिहा. ‘मालकांचा बेड, डोक्याकडचा डावा कोपरा’ असे लिहिलेल्या कागदाची किंमत चाव्यांच्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त आहे. शक्य असेल तर मालकांना किंवा एजंटला त्याच वेळी बोलावून समोर दाखवा.

त्याच दिवशी निरोप पाठवा. फोन केला तरी लेखी हवेच. व्हॉट्सॲप चालेल, ई-मेल त्याहून बरा. भाषा आरोपाची नको, असे काहीतरी लिहा: ‘नमस्कार काका. काल रात्री बेडरूममधल्या तुमच्या बेडच्या सांध्यात ढेकूण, अंडी आणि जुनी कात सापडली. फोटो सोबत आहेत. आम्ही अमुक तारखेला राहायला आलो. येत्या दोन दिवसांत तुम्ही किंवा तुमचा माणूस येऊन पाहून जावे ही विनंती. सात दिवसांच्या आत परवानाधारक पेस्ट कंट्रोलकडून काम करून घेणे गरजेचे आहे, नाहीतर शेजारी पसरेल. खर्चाचे आपण तपासणीचा रिपोर्ट पाहून ठरवू. तोपर्यंत दोघांचेही म्हणणे राखून ठेवलेले आहे.’ शेवटचे वाक्य वगळू नका. ते असले की उद्या तुम्ही आधी पैसे भरले तरी चूक कबूल केली असा अर्थ निघत नाही, आणि मालकांनी भरले तरी त्यांच्या बाबतीत तेच. हे चॅट मूळ फोनमध्ये ठेवा, फक्त स्क्रीनशॉटवर राहू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते.

आता कायदा. ढेकणांचे नाव घेऊन मालक-भाडेकरूंची कामे वाटून देणारे कलम महाराष्ट्रात नाही. नेटवर फिरणारे ‘मालकाने २४ तासांत पेस्ट कंट्रोल केलेच पाहिजे’ असले नियम परदेशातले असतात, घणसोलीत त्यांचा उपयोग नाही. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदाही आपोआप लागू होत नाही. तो राज्याने स्वीकारावा लागतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर घर चांगल्या व राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिना २०,००० भाडे असेल तर वर्षाचे २,४०,००० आणि मर्यादा ६०,०००. पावत्या हव्यात. हे वाचून अनेक जण पुढच्या महिन्याचे भाडे कापून पाठवतात, आणि तिथेच फसतात. कलम १४ भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या पागडीच्या घरात राहणाऱ्याला या कलमाचा आधार घेता येईल, आणि तिथेही ढेकूण मारणे म्हणजे ‘दुरुस्ती’ का यावर मालकाचा वकील वाद घालेल. तुम्ही मात्र मालकांच्या लेखी संमतीशिवाय भाड्यातून एक रुपयाही कापू नका. भाडे थकवल्याचा ठपका आला की ढेकणांची मूळ तक्रार बाजूला पडते.

परवानाधारकाच्या बाजूचे कलम वेगळ्याच कायद्यात आहे: भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम ५७. जागेतला जो दोष परवानाधारकाच्या अंगाला किंवा वस्तूंना धोकादायक ठरू शकतो, जो मालकाला माहीत आहे आणि परवानाधारकाला नाही, तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. ढेकूण माणसांत रोग पसरवत असल्याचे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे ते ‘धोकादायक’ ठरतात का यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पण मालकांनी आधी याच घरात ढेकणांची फवारणी केली होती आणि ते लपवले, असे सोसायटीच्या गेटवरच्या नोंदीतून किंवा आधीच्या भाडेकरूकडून कळले, तर हे कलम तुमच्या हातात आहे. म्हणून वॉचमनकडे आणि शेजाऱ्यांकडे सौजन्याने चौकशी जरूर करा.

त्याखेरीज उरतो तो तुमचा करार. ऑनलाइन नोंदणीच्या ठरीव मसुद्यात साधारण असे वाक्य असते की परवानाधारकाने जागा आहे त्या स्थितीत ठेवावी आणि त्याच्याकडून झालेले नुकसान, नेहमीची झीज सोडून, स्वखर्चाने भरून द्यावे. मालक यावर बोट ठेवतात. पण ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द दोन्हीकडे लागू होतात: ताबा दिला त्या दिवशी स्थिती काय होती? आणि नुकसान ‘त्याच्याकडून’ झाले हे दाखवायचे कोणी? जो डिपॉझिटमधून कापतो त्याने. डिपॉझिट ही दंडाची रक्कम नाही. कापायची तर कारण आणि बिल दोन्ही हवे. करार नोंदवलेला नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे ती चूक मालकाची आहे, आणि अटी काय होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, परवानाधारकाचे म्हणणे धरले जाते.

हे सगळे लक्षात घेता न्याय्य वाटणी कशी असावी यावर माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या ३० दिवसांत ढेकूण सापडले आणि खुणा जुन्या, मालकांच्या फर्निचरमध्ये असतील तर सगळा खर्च मालकांचा, फर्निचरच्या दुरुस्तीसकट. राहायला येऊन चार-सहा महिने झाले, आधी काही नव्हते, आजूबाजूच्या घरांतही नाही, तर फवारणीचा खर्च राहणाऱ्याचा. पाहुण्यांच्या बॅगा, लोकलचा रोजचा प्रवास, उल्हासनगरहून आणलेला सेकंड-हँड दिवाण यातून ते येतात आणि मालकाचा त्यात हात नसतो. मधल्या काळात, किंवा दोन्हीकडे खुणा असतील तेव्हा, निम्मे-निम्मे करून मोकळे व्हावे. वन बीएचकेच्या दोन फवारण्यांसाठी वकिलाची नोटीस काढणे दोघांनाही परवडत नाही. मात्र खर्च कोणाचाही असो, काही कामे ठरलेली आहेत. घर रिकामे करून देणे, कपडे बांधणे, माणसांना आत येऊ देणे हे राहणाऱ्याचे काम. ‘आज सुट्टी नाही, पुढच्या रविवारी बघू’ असे दोनदा झाले तर पुढच्या पसरण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. भिंतीतल्या भेगा, सुटलेले स्कर्टिंग, स्विचबोर्डमागची भगदाडे बुजवणे आणि सडका बेड बदलणे हे मालकाचे.

पीजीमध्ये किंवा कॉटबेसिसवर प्रश्न सोपा आहे: खाटा, गाद्या आणि कोण कुठे झोपणार हे चालवणारा ठरवतो, तेव्हा नियंत्रणही त्याचेच काम. एका मुलाच्या खाटेपुरती फवारणी करून त्याच्याकडून पैसे घेणे चुकीचे आहे आणि निरुपयोगीही.

आता प्रत्यक्ष काम, कारण पैसे कोणीही दिले तरी अर्धवट काम झाले तर महिन्याभरात तुम्ही पुन्हा तिथेच असाल. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालचा परवाना आहे का ते पाहा आणि बिलावर औषधाचे नाव, प्रमाण, कोणत्या खोल्या, काय सापडले आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून मागा. तपासणीत जुन्या खुणा कुठे मिळाल्या हे त्याने फवारणीच्या आधी एका ओळीत लिहून सही केली तर मालकांशी होणारे निम्मे बोलणे तिथेच संपते. ‘एकदाच मारतो, वर्षभराची गॅरंटी’ म्हणणाऱ्याला परत पाठवा. बहुतेक औषधे अंड्याला लागत नाहीत. आज वाचलेली अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून दुसरी फवारणी १२ ते १५ दिवसांनी हवीच, नवी पिल्ले अंडी घालण्याजोगी होण्याच्या आत, आणि लागण जास्त असेल तर तिसरी. डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांना ढेकूण आता पुष्कळ ठिकाणी दाद देत नाहीत. नुसत्या एका औषधावर न थांबता आधी फटींतून व्हॅक्यूम, मग वाफ, मग फवारा, असे करणारा माणूस शोधा. वाफेचे तोंड सावकाश फिरवायचे; घाई केली तर कापड ओले होते आणि आतले ढेकूण जगतात.

फवारणीच्या आदल्या दिवशी अंथरूण, कपडे, पडदे जागेवरच जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून तोंड बांधा, मग खोलीबाहेर काढा. उघडे कपडे हातात घेऊन घरभर फिरलात तर स्वतःच पेरणी करता. फ्रंट-लोड मशीनवर ६० अंशांचे चक्र लावा. मशीनची सोय नसेल तर लाँड्रीत गरम ड्रायरला निदान अर्धा तास द्या. धुता न येणाऱ्या पातळ वस्तूंच्या शिवणींवर वाफेची इस्त्री चालवा. पेट्या, सुटकेसही यातून सुटत नाहीत. चेनच्या कडा पाहा. बेडचे सगळे स्क्रू सोडवून ठेवा आणि पलंग भिंतीपासून वीतभर दूर घ्या. माशांचा टँक असेल तर हवेचा पंप बंद करून झाका किंवा टँक हलवा; ही औषधे माशांना आणि मांजरांना फार बाधतात. बाळ, गरोदर स्त्री, दम्याचा रुग्ण असेल तर आधी सांगा. बिलावर लिहिलेले तास घराबाहेर राहा, परत आल्यावर खिडक्या उघडून पंखे लावा, आणि पुढचे पंधरा दिवस बेडखालची फरशी व स्कर्टिंग फिनाईलने पुसू नका. चकचकीत घर हवे म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळे पुसून काढणे, यानेच बहुतेक फवारण्या फुकट जातात. झोपायला हॉलमध्येही जाऊ नका. ढेकूण माणसाच्या श्वासाच्या आणि उबेच्या मागे येतो. तुम्ही बेडरूममध्येच झोपलात तर तो औषधावरून चालत येतो, हॉलमध्ये गेलात तर हॉलही लागतो.

गादी उन्हात घालणे हा आजीच्या काळापासूनचा उपाय, पण जाड कापसाच्या गादीचे वरचे कापड तापते आणि आत गारवा राहतो. ढेकूण आत किंवा सावलीच्या बाजूला सरकतात. ढेकूण आणि अंडी मरायला आतपर्यंत ५० अंशांच्या वर उष्णता जावी लागते. गादी फार खराब नसेल तर चेनचे बंद कव्हर घालून वर्षभर न उघडता ठेवा. टाकायची असेल तर आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, कापून निकामी करा आणि मगच जिन्यातून न्या. तशीच कचऱ्याजवळ ठेवली की कोणीतरी गरजू माणूस ती घरी नेतो.

काय करायचे नाही तेही सांगतो, कारण यात माणसे दगावतात. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही ठेवू देऊ नका. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या फ्लॅटमध्ये जातो आणि त्यावर उतारा नाही. डायक्लोरव्हॉस, म्हणजे डीडीव्हीपी, भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कोणी बाटली काढली तर काम थांबवा. रॉकेल, पेट्रोल प्लायमध्ये ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण. झुरळांचा स्प्रे मारला तर समोरचे मरतात आणि बाकीचे भिंतीत पांगतात. महापालिकेची धुरळणी डासांसाठी असते.

सोसायटीला कळवायला संकोच करू नका. लागण जुनी असेल तर डावे, उजवे, वरचे आणि खालचे अशी चार घरे तपासल्याशिवाय तुमच्या घराला कोणी खात्री देऊ शकत नाही. ढेकूण वायरच्या पाइपांतून आणि दाराखालून जातात. फ्लॅटच्या आतला खर्च सभासदाचा, म्हणजे मालकाचा, आणि त्याच्यात व तुमच्यात करारानुसार. लॉबीतले बाक, वॉचमनची खुर्ची, लिफ्ट यांचा खर्च सोसायटीचा. अर्ज मालकांच्या सहीने द्या, कारण सोसायटीचे नाते सभासदाशी असते. शेजाऱ्यांच्या घरात जुनी लागण निघाली तर तुमच्या-मालकांच्या वादाला वेगळेच वळण लागते, आणि एकाच दिवशी सगळ्या घरांत काम करणे स्वस्तही पडते.

पुढच्या करारात एक अट घाला; ठरीव मसुद्यातही इतर अटींसाठी जागा असते. मजकूर असा चालेल: ‘ताबा देण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी बेड, सोफा व कपाटे तपासली असून ढेकूण आढळले नाहीत. ताब्यापासून ३० दिवसांत आढळल्यास व लेखी कळवल्यास नियंत्रणाचा खर्च मालक करतील. त्यानंतर आढळल्यास, शेजारच्या घरातून आल्याचे दिसत नसेल तर, परवानाधारक करतील. दोन्ही वेळी काम पेस्ट कंट्रोलचा परवाना असलेल्या कंपनीकडून ७ दिवसांत सुरू होईल व किमान दोन फवारण्या होतील.’ इथे मालकांनाही सांगणे आहे: आधीचा भाडेकरू निघाला त्या दिवशीच हेडबोर्ड सोडवून टॉर्च मारा. त्याच्या डिपॉझिटचा हिशेब होण्याआधी जे दिसेल त्याचेच पैसे मागता येतात.

समजा मालक काहीच ऐकत नाहीत. मग स्वतः पैसे भरून काम करून घ्या, बिले व रिपोर्ट ई-मेलने पाठवा आणि रक्कम मागा. घर सोडायचे असेल तर कराराच्या लॉक-इनची, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याची, अट आधी वाचा, नोटीस द्या, पण मुदत संपल्यावर डिपॉझिट मिळेपर्यंत घर अडवून बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट शुल्काने भरपाई मागता येते. ताबा द्या, ताबा दिल्याची सही घ्या, घराचे फोटो काढा, आणि कापलेल्या रकमेसाठी नोटीस पाठवा. पैशांच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते.

तुमच्या घरात शेवटच्या फवारणीनंतर पलंगाच्या पायांखाली वाट्यांचे सापळे ठेवलेत तरी फक्त त्यांच्यावर विसंबू नका. आपल्या उष्ण हवेतली ढेकणांची जात गुळगुळीत भिंतही चढून जाते, त्यामुळे रिकामी वाटी म्हणजे साफ घर नव्हे. दर रविवारी त्याच टॉर्चने त्याच जागा पाहा, बेडवर पांढरी चादर ठेवा. सहा ते आठ आठवडे सलग नवा ठिपका, नवी कात किंवा जिवंत ढेकूण दिसला नाही तर घर साफ धरा. त्या दिवशी शेवटचे फोटो मालकांना पाठवा आणि खर्चाची वाटणी त्याच निरोपाखाली दोघांनी लिहून पक्की करा.